सरांच्या नावाची कमान नको, फक्कीचे पैसे द्या

मा. क्रीडा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस खुले पत्र

महोदय,
सविनय नमस्कार.

कोल्हापुरात आमच्या फुटबॉलवाल्या सरांचं स्मारक व्हावं, असं निवेदन आपल्याकडे गेल्याचं समजलं. मैदानाच्या तोंडाशी कमान, आत अर्धपुतळा आणि दरवर्षी रोख बक्षिसांची स्मृती चषक स्पर्धा, अशी मागणी त्यात आहे. निवेदन देणारे आमच्यातलेच आहेत आणि त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण तेवढ्या पैशांत काय काय होऊ शकतं, हे मैदानावर राबणाऱ्यांनी सांगायला हवं. सरांचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. नाव आलं की मागोमाग फलक येतो.

सर शाळेत गणित शिकवायचे आणि पेठेच्या फुटबॉल संघातून हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचे. मानधन नाही, नोकरी सांभाळून. इथला फुटबॉल असाच वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही मुळात तालमींची नावं. त्याच तालमींनी संघ उभे केले आणि शाहू स्टेडियम भरवलं. आता बाहेरदेशीचे खेळाडूही येतात, पैसा येतो, त्याला आमची हरकत नाही. मात्र दिवसा फळ्यासमोर आणि संध्याकाळी मैदानात, अशी माणसं त्या पैशातून तयार होत नाहीत. ही परंपरा कोल्हापूरपुरती नाही. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्याच्या मोहन बागानने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शिल्ड ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, त्या संघात दहाजण अनवाणी खेळले. एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायात बूट होते, ते बचाव फळीत खेळायचे, आणि ते पेशाने अध्यापक होते.

आता मैदानाचं. सरांचं खरं काम तिथंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मैदान आखायला सर आठवीची पोरं घ्यायचे. १२ मीटरची दोरी, ३ आणि ७ मीटरवर गाठी, दोन्ही टोकं एका खुंटीला. गाठींवर दोन पोरं धरून ताणली की ३, ४, ५ चा त्रिकोण होतो आणि कोपरा काटकोनात बसतो. एवढ्यावर सर थांबायचे नाहीत. ९० बाय ६० मीटरच्या मैदानाचा कर्ण किती, हे आधी वहीत काढायला लावायचे : १०८ मीटर १७ सेंटीमीटर. मग टेप लावून दोन्ही कर्ण मोजायचे. हातभर फरक आला तर फक्कीची पांढरी रेघ पडायच्या आधी खुंट्या हलायच्या. चूक बहुतेक वेळा दोरीत सापडते. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, आणि मग एक कॉर्नर बाहेर पळतो.

एवढ्या मैदानाची सगळी रेघ, वर्तुळ आणि गोलसमोरच्या दोन्ही डीच्या चौकटी धरून, साडेसहाशे मीटरच्या आसपास भरते. पंचवीस किलोच्या दोन गोण्या फक्की लागते, वारा असेल तर तीन. फक्की म्हणजे दगडाची किंवा खडूची भुकटी. स्वस्त पडतो म्हणून बऱ्याच ठिकाणी चुना मारतात. घसरून पडलेल्या पोराच्या घामेजल्या गुडघ्याला तो भाजतो, डोळ्यात गेला तर दवाखानाच गाठावा लागतो. खरेदीच्या कागदावर 'चुना चालणार नाही' एवढे तीन शब्द आपल्या खात्याने घालावेत. त्याला निधीही लागत नाही.

पाण्याचं दुखणं मोठं आहे. पावसाळ्यात आमच्या गांधी मैदानात तळं होतं, हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. शाळांच्या मैदानांची गतही फारशी वेगळी नाही, कारण दरवर्षी मुरूम टाकला जातो आणि उतार कुणी काढत नाही. एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंतची मधली पट्टी उंच हवी आणि तिथून दोन्ही बाजूंना शंभराला एक उतार हवा, म्हणजे ३० मीटरला ३० सेंटीमीटर. कडेला चर हवा आणि मे महिन्यात तो साफ हवा. उतार नसेल तर पाणी नेमकं गोलसमोर साठतं, कारण तिथंच सगळ्यात जास्त पाय पडून जमीन बसलेली असते. रोलर फिरवायची वेळ पाऊस उघडल्यावर येते : माती ओलसर आहे, पण टाच रुतत नाही, अशा दोनचार दिवसांत. वाळल्यावर फिरवला तर डिझेल वाया. चिखलात फिरवला तर वर पापडी धरते आणि पुढच्या पावसाचं पाणी मुरत नाही.

इथं एक कडू गोष्ट लिहावी लागते. मैदानाची सर्वांत जास्त नासधूस खेळाने होत नाही, मांडवाने होते. सभा, प्रदर्शन, लग्न. सभा सर्वच पक्षांच्या असतात, आपल्याही. मांडव उठला की खांबांचे खड्डे, खिळे आणि काचा मागे राहतात. खड्ड्यात वीटरोडा ढकलून वर माती पसरली की तो बुजल्यासारखा दिसतो. महिन्याभरात माती खचते आणि कुणाचा तरी घोटा मुरगळतो. रीत अशी : खड्डा चौकोनी कापायचा, तळ कुदळीने मोकळा करायचा, त्याच मैदानाची माती चार-पाच सेंटीमीटरच्या थरांनी भरायची, प्रत्येक थर पाणी मारून धुमसायचा. वरचा थर बोटभर उंच ठेवायचा. पन्नास खड्डे म्हणजे चार माणसांचे दोन दिवस. ती मजुरी मांडव घालणाऱ्याच्या अनामत रकमेतून कापावी, आणि खड्डे तपासून सही करायचा अधिकार शाळेच्या क्रीडा शिक्षकाला द्यावा.

गोलपोस्टकडे कुणी बघत नाही, ते पडेपर्यंत. सुटा, हलता पोस्ट पोराने लोंबकळताच पुढे कलंडतो आणि आडवा बार थेट छातीवर किंवा डोक्यावर येतो. त्याला मागच्या पाइपावर वाळूची पोती किंवा जमिनीत ठोकलेले अँकर पाहिजेतच. कायमचा पोस्ट असेल तर दोन फूट खोल काँक्रीटमध्ये नळकांडं बसवून त्यात उभा करावा, म्हणजे काढता येतो. जाळीसाठी वेल्ड केलेले उघडे हूक नकोत, बोट अडकून फाटतं. प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात.

चेंडूंबद्दल थोडक्यात. १५ सप्टेंबर २०१७ ला 'मिशन वन मिलियन'मध्ये राज्यभर मुलं फुटबॉल खेळली, शाळांत चेंडू पोचले. चांगलंच झालं. पण चेंडूसोबत पंप आणि डझनभर पिना गेल्या पाहिजेत. कोरडी पिन घुसवली की वॉल्व्ह फाटतो, म्हणून ती आधी ग्लिसरीनमध्ये बुडवायची. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. दहा वर्षांच्या पोराला चार नंबरचा द्यावा, ३५० ते ३९० ग्रॅमचा. बूट वाटण्यापेक्षा शाळेत ते मापवार लावलेली फळी ठेवावी. पोरांचे पाय वाढतात, बूट खालच्या वर्गाला जातात. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवायचे. चुलीपुढे ठेवले की सोल सुटतो.

हे सगळं करणारा माणूस शाळेत असेल तरच होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात खेळाचं मैदान लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर पट असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षकही लिहिलेला आहे. प्रत्यक्षात पीटीचा तास भूगोलाला जातो आणि दहावीला वाढीव गुण दिसू लागले की खेळाडूंची यादी अचानक लांबते. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर कामाला लावू नये, असं त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं. शाळा सुटल्यावरचे दीड तास मैदानावर घालवणाऱ्या शिक्षकाचे ते तास कामात धरावेत. सामन्याला संघ घेऊन गेला तर कर्तव्य रजा द्यावी, म्हणजे त्याला किरकोळ रजा खर्चावी लागणार नाही.

स्मृती चषक व्हायचा तर जरूर व्हावा, पण चौदा वर्षांखालच्या मुलामुलींचा, नऊ-नऊ जणांचा, आणि रोख बक्षीस अजिबात नको. जिंकलेल्या शाळेला चार नंबरचे दहा चेंडू आणि हरलेल्या शाळेलाही तेवढेच द्या.

निवेदनावर निर्णय घेण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना एवढंच विचारावं : जिल्ह्यातल्या किती शाळांच्या मैदानाला उतार आहे, किती पोस्ट जमिनीत पक्के आहेत आणि किती ठिकाणी शारीरिक शिक्षणाचं पद भरलेलं आहे. तिन्ही आकडे हातात आल्यावर कमानीचं अंदाजपत्रक काढायला सांगा. आमची मोजणीची टेप आणि दोन खुंट्या तपासणीला मिळतील.

आपले,
कोल्हापुरातले काही माजी खेळाडू, पंच आणि क्रीडा शिक्षक