‘बारीक माणूस’ नायक नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या हॉलिवूडपटांविषयी लिहिताना ‘द थिन मॅन’ (१९३४) मधला बारीक माणूस म्हणजे विल्यम पॉवेलने रंगवलेला गुप्तहेर निक चार्ल्स, असे बिनदिक्कत ठोकून दिले जाते. प्रत्यक्षात हा बारीक माणूस म्हणजे बेपत्ता झालेला संशोधक वायनंट. पुढच्या पाच चित्रपटांतही (१९३६ ते १९४७) हेच नाव चिकटवल्याने घोळ कायमचा झाला. शिवाय हे निव्वळ शीर्षकापुरते नाही, रहस्याची कळच त्यात आहे. प्रयोगशाळेच्या जमिनीखाली सापडलेल्या सांगाड्याजवळ जाड्या माणसाचे कपडे असतात, पोलीस कपड्यांवर विसंबतात आणि फसतात. निक मात्र हाडे बघतो. पहिल्यांदा बघणाऱ्याने हा प्रसंग चुकवू नये, नाहीतर शेवट डोक्यावरून जातो.

शेवटच्या मेजवानीत सगळे संशयित एका टेबलाशी, वाढपी म्हणजे वेषांतर केलेले पोलीस. निककडे पक्का पुरावा नसतो. तो बोलत राहतो, कुणाचा तरी तोल जाण्याची वाट बघत. त्याची बायको नोरा (मर्ना लॉय) खरेखोटे विचारते तेव्हा, असेच धरले तर सगळे जुळते, एवढेच तो सांगतो! मर्ना लॉयचा चेहरा इथे बघावा; अर्धा विनोद तिथेच आहे.

जाता जाता : चित्रपट ज्यावर बेतला त्या डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीत निक-नोराची पाळीव अस्टा ही श्नाउझर जातीची कुत्री आहे. पडद्यावरचा अस्टा मात्र टेरियर जातीचा कुत्रा, त्याचे खरे नाव स्किपी.

आपला,
एक वाचक