उद्यमनगरातल्या मेस्त्रींना, एका फ्लायव्हीलबद्दल

मेस्त्री, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला आवडणार नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. आमची अँबॅसिडर मार्क टू १९७२ सालची. तिचं मूळ इंजिन १४८९ सीसीचं, ब्रिटिश घराण्यातलं. वडिलांनी ते उतरवून इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन त्याच्याच पाच गिअरच्या बॉक्ससकट बसवलं आणि आरसी बुकात रीतसर नोंद करून घेतली. ते इंजिन आजही ठणठणीत आहे. गेलं ते फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला बसणारं जड चाक, ज्यावर क्लच बसतो. क्लच उतरवला तर तोंडावर तापून निळे पडलेले डाग, बारीक तडे, त्यातले दोन थेट बोल्टच्या भोकांकडे निघालेले. काठावरच्या रिंगचे दात, ज्यांत सेल्फ (स्टार्टर) अडकतो, तेही एका पट्ट्यात चावलेले, त्यामुळे सेल्फ मारला की नुसता खरखराट.

शोधाशोध सुरू केली तर प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न एकच, गाडी कुठली? अँबॅसिडर म्हटलं की १४८९ चं फ्लायव्हील काउंटरवर यायचं. इसुझूच्या क्रँकशी त्याचा काही संबंध नाही. अँबॅसिडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, तेव्हापासून जुना स्टॉक आणि भंगार यावरच सगळी भिस्त. एका ठिकाणी तर "भोकं मोठी करून बसवून देतो" असंही ऐकायला मिळालं.

तुम्ही गाडीचं नाव विचारलंच नाही. "क्रँकचं माप हाय काय? सेल्फ कुठला लावलाय? क्लच कितीचा?" हे तीन प्रश्न विचारलेत आणि जुनं फ्लायव्हील, सेल्फ, क्लच प्लेट, तिला चाकावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट असं सगळं पोत्यात घालून आणायला लावलंत. इंजिन बदललेल्या गाडीत कागदावरचं नाव उपयोगाचं नाही, आत काय बसलंय तेच मोजायचं, ही गोष्ट इतक्या साधेपणाने मला दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती.

आणि ज्यासाठी हे पत्र लिहितोय ती गोष्ट आता सांगतो. तुमच्या दुकानात मागच्या भिंतीला एक फ्लायव्हील टेकवून ठेवलं होतं. चांगलं जाड, तोंड स्वच्छ. माझ्या क्रँकवर धरलं तर बोल्टची सगळी भोकं तंतोतंत जुळली. एका दाताला खडूची खूण करून तुम्ही रिंगचे दात मोजलेत, तेही जुन्याइतकेच भरले. माझा हात खिशाकडे गेला होता. तुम्ही म्हणालात, "थांबा." क्रँकच्या टोकाला जो गोल उंचवटा असतो, त्यावर फ्लायव्हीलचं मधलं भोक ठेवलंत आणि फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती सरकवलीत. पाती आरामात आत गेली. फ्लायव्हील बोटांनी हलवलंत तर खटखट वाजलं. "बोल्ट नुसतं आवळून धरत्यात, मध्यावर धरतोय तो हा उंचवटा. बसतंय म्हणून बसवायचं नसतंय."

मग व्हर्नियर घेऊन क्रँकवर टेकणाऱ्या बाजूपासून क्लचच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजलंत. जुन्यापेक्षा काही मिलिमीटर कमी. तोंड इंजिनाकडे सरकलं की प्रेशर प्लेटही तिकडेच सरकते, पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगचा रेटा अपुरा पडतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना करकरतो. जुन्या चाकाला पुन्हा पुन्हा फेसिंग मारल्यावरही (तोंड घासून सपाट केल्यावरही) हेच होतं, हे तेव्हा समजलं. तुम्ही ते फ्लायव्हील परत भिंतीला टेकवलंत. विकलं असतंत तर मी आनंदाने घेऊन गेलो असतो, हे तुम्हालाही दिसत होतं. दोन हजार, तीन हजार आरपीएमला फिरणारं ते ओतीव लोखंड मध्यापासून सरकलेलं राहिलं असतं, मागचं सील आणि मेन बेअरिंग खाल्लं असतं. आणि तडा गेलेलं चाक फुटलं तर बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) फोडून तुकडे ड्रायव्हरच्या पायापर्यंत येतात. माझी मुलगी याच गाडीवर शिकतेय, मेस्त्री.

वजनाबद्दलचं तुमचं बोलणं तर इथे लिहिलंच पाहिजे. लेथवर घासून चाक हलकं कर, गाडी चपळ होईल, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. तुम्ही ऑइल इंजिनावर उमेदीची वर्षं काढलेली, त्यामुळे विहिरीवरच्या इंजिनापासून सुरुवात केलीत. एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच जोर मिळतो, मधला सगळा वेळ ते भलंमोठं चाक ओढून नेतं. माझ्या चार सिलिंडरला दर अर्ध्या फेरीला जोर मिळतो, म्हणून चाक लहान चालतं, पण चाक लागतंच. त्यातही काठावरचं वजन खरं काम करतं. मध्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच वजनाचा परिणाम चौपट. रेसच्या गाडीला हलकं चाक ठीक, तिथे इंजिन झटकन चढलं-उतरलं पाहिजे. पन्हाळ्याच्या चढावर घरचे पाचजण बसवून गाडी उचलायची तर काठाचं लोखंड काढून चालत नाही. नंतर मी हे स्वतः अनुभवलं. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली, एक हिसका नाही.

योग्य फ्लायव्हील शेवटी तुमच्याच फोनवरून मिळालं, तुमच्या ओळखीच्या एका जुन्या स्टॉकवाल्याकडे. ते मिळाल्यावरही तुम्ही सरळ बसवू दिलं नाहीत. आधी चाक एकटं बॅलन्स, मग प्रेशर प्लेट लावून पुन्हा बॅलन्स, दोघांवर पंचची खूण, म्हणजे पुढे कुणी उघडलं तरी त्याच जागी बसेल. क्रँकला पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक धरणारं) नवं, बोल्ट नवे, आवळणी समोरासमोर आणि टॉर्क रेंचने. शेवटी चाक किती डगमगतं ते दाखवणारं डायल गेज लावून चाक हाताने पूर्ण फिरवलंत. काटा जेमतेम थरथरला, तेव्हा कुठे तुम्ही मान हलवलीत.

अमेरिकन व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) गाड्या सांभाळणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक भर. काही इंजिनांत फ्लायव्हीलवर मुद्दाम असमतोल वजन ठेवलेलं असतं. फोर्डच्या जुन्या ३०२ इंजिनाला २८ औंस-इंच असमतोलाचं चाक लागतं, १९८० च्या दशकातल्या नंतरच्या ३०२ ला ५० चं. अदलाबदल झाली तर इंजिन थरथर कापतं. तिथे भोकं जुळण्यावर तर मुळीच जाऊ नका.

मेस्त्री, बॅलन्सिंगवाल्याचे पैसे तुम्ही मला चोख द्यायला लावलेत आणि स्वतःचे मात्र नेमके विसरलात. खंडेनवमीला पूजेच्या वेळी गाडी घेऊन येतोय. त्या दिवशी पाकीट घ्यावं लागेल, आणि वहिनींना घेऊन पन्हाळ्यापर्यंत चक्करही मारावी लागेल. मापांचा तुमच्या हातचा कागद आरसी बुकाच्या पाकिटात जपून ठेवलाय. ज्याला हवा त्याने फोटो मागावा, मी पाठवीन.

आपला,
मार्क टूवाला