आईचा रिपोर्ट आणि धातू बांधणारे प्रथिन

पणजी, रविवार

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आईच्या स्तनातून काढलेल्या गाठीत धातू बांधणारे प्रथिन आहे का ते वेगळे तपासून घ्यावे का, या गुरुवारी फोनवर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला मी घाईत उत्तर दिले आणि ते तुम्हाला पटले नाही, हे तुमच्या गप्प राहण्यावरून मला कळले. स्तनाच्या कर्करोगात धातू बांधणारी प्रथिने जास्त आढळली तर आजार गंभीर असतो असे तुम्ही वाचलेत, त्याच दिवशी पाण्याचा तांब्याचा हंडा माळ्यावर गेला आणि आईला डिचोलीच्या लोखंडाच्या खाणींची धूळ आठवू लागली. हे फोनवर सांगून संपणारे नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे.

तुम्ही वाचलेल्या प्रथिनाचे नाव मेटॅलोथायोनिन. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली या संशोधकांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून ठेवणारे एक प्रथिन सापडले, तेच हे. ते फार लहान असते. साठ-पासष्ट अमिनो आम्लांच्या साखळीत वीस ठिकाणी गंधक असलेले सिस्टीन असते आणि त्या गंधकाच्या आधाराने ते जस्ताचे सात अणू धरून ठेवते व पेशीला लागतील तसे सोडते. तांबेही ते बांधते. ते रोगासोबत शरीरात आलेले नाही. तुमच्या, आईच्या आणि माझ्या यकृतात ते जन्मापासून आहे. आईने मनावर घेतलेले लोखंड शरीरात मुख्यतः फेरिटिन नावाच्या वेगळ्याच प्रथिनात साठते, त्यामुळे खाणीच्या धुळीचा धागा या संशोधनाशी जोडू नये.

आता रोगाशी असलेला संबंध. आमच्या प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून, त्याचे अत्यंत पातळ काप काढतात आणि ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने हवे ते प्रथिन रंगवतात. निरोगी स्तनात मेटॅलोथायोनिनचा रंग बहुतेक दुग्धनलिकेच्या बाहेरच्या थरातील पेशींत दिसतो. पसरणाऱ्या कर्करोगात तो काही रुग्णांच्या कर्कपेशींतच दिसतो. ज्यांच्यात तो गडद दिसला त्यांचा आजार अधिक आक्रमक होता, असे बऱ्याच अभ्यासांत आढळले, आणि त्याची कारणेही पटण्यासारखी आहेत, कारण हे प्रथिन पेशीला घातक रेणूंपासून वाचवते आणि काही केमोथेरपीच्या औषधांचा मारा बोथट करू शकते. मात्र सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. या प्रथिनाचे अनेक उपप्रकार आहेत, नेहमीचे प्रतिपिंड त्यांच्यात नीट भेद करत नाहीत, आणि जस्त, कॅडमियम किंवा स्टेरॉइडची औषधे यांमुळेही पेशी ते जास्त बनवू लागते. बाबा, तुम्ही आयुष्यभर शाळेत शिकवलेत. वर्गाच्या सरासरीवरून एका मुलाचा निकाल लावत नाहीत, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

म्हणून या प्रथिनाची वेगळी तपासणी करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा निकाल काहीही आला तरी आईच्या औषधात त्याने बदल होणार नाही. आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज देणारी खूण वेगळी आणि कोणते औषध लागू पडेल हे सांगणारी खूण वेगळी. मेटॅलोथायोनिन अजून पहिल्या प्रकारातही पक्के बसलेले नाही. आईच्या रिपोर्टमधील इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन या संप्रेरकाला पकडणारे पेशीतले प्रथिन, मात्र दोन्ही कामे करतो. तिच्या गाठीतल्या ९० टक्के पेशींत तो आहे, हर-टू हे कर्कपेशींची वाढ जोरात करू शकणारे प्रथिन १+ म्हणजे निगेटिव्ह आहे, गाठ १.८ सेंटिमीटरची होती आणि काखेतील लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या, म्हणजे त्यांत कर्करोग नव्हता. हे वाचून मला किती हायसे वाटले ते मी त्या दिवशी बोलू शकले नाही, म्हणून आज लिहिते.

आई, लेट्रोझोलची २.५ मिलिग्रॅमची गोळी ही तुझ्या उपचाराचा कणा आहे. पाळी थांबल्यानंतरही शरीरातील चरबीत अरोमाटेज नावाच्या विकरामुळे थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते, आणि ती गोळी तेच थांबवते. सांधे दुखतात म्हणून मध्येच एखादा दिवस ती चुकवू नकोस. दुखण्यावर उपाय आहेत, आणि हाडांची घनता मोजण्याची तपासणीही करून घेऊ.

हंडा खाली काढा. त्यातले साधे पाणी सोडण्याचे कारण या संशोधनातून मिळत नाही. फक्त सोलकढी किंवा दुसरे काही आंबट तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, कारण आंबटामुळे तांबे उतरते. शेजारच्या काकूंनी दिलेल्या जस्ताच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आईला देऊ नका.

मी शनिवारी येते आहे. तोवर मूळ रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी एका पाकिटात ठेवा, आणि आईचे सांधे कोणत्या वेळी जास्त दुखतात ते, बाबा, तुमच्या वहीत रोज लिहून ठेवा. ती वही मला डॉक्टरांकडे न्यायची आहे.

तुमची,
मेधा