ब्रश ओठांत धरू नकोस

पेण,
जुलैअखेर

चि. समीर यास,
आईचा अनेक आशीर्वाद.

पैसे काल बाबांनी पाठवले. तू चार हजार मागितले होतेस, पाच आहेत. वरचे हजार जेवणाचे, ब्रशचे नव्हेत. कोणते ब्रश घ्यावेत असं तू विचारलंस आणि फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. गणपतीच्या कारखान्यातली मंडळी जेवायला गेली आहेत. पावसामुळे मूर्ती सुकत नाहीत, बाबांची चिडचिड चालू आहे, बाकी ठीक.

बाकी ठीक म्हणजे बापूकाकांचे रिपोर्ट आले. रक्तात शिसं सापडलं. हात पुढे धरायला सांगितला की उजवा पंजा खाली लोंबतो, मनगट वर होतच नाही. डॉक्टर म्हणाले, रंगारी लोकांत हे पूर्वी फार दिसायचं. बाबा स्वतः त्यांना घेऊन गेले होते, त्या दिवाळीतल्या भांडणानंतर पहिल्यांदाच. जाताना दोघं एक शब्द बोलले नाहीत. तपासून झाल्यावर मात्र बाबांनीच त्यांच्या शर्टाची बटणं लावून दिली.

तू परवा टाकलेला फोटो मी मोठा करून पाहिला. खिडकीचा उजेड छान आलाय, चित्रही छान आहे. आणि ब्रश तुझ्या ओठांत आहे. एकदाच सांगते, पुन्हा नाही सांगणार: ब्रशला टोक ओठांनी काढू नकोस.

आता ब्रशचं. सेट घेऊ नकोस. डबा दिसायला देखणा असतो, पण त्यातले निम्मे ब्रश वर्षभर हातात येत नाहीत. जलरंगासाठी 10 किंवा 12 नंबरचा एक राउंड, म्हणजे गोल टोकदार, 6 नंबरचा एक, आकाश-पाणी भरायला एक इंची फ्लॅट आणि बारीक फांद्यांसाठी एक लायनर, एवढे पुरेत. नंबरावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. एका कंपनीचा 6 दुसरीच्या 8 एवढा असतो. नवीन ब्रशचं टोक दुकानात छान दिसतं कारण त्याला खळ लावलेली असते. दुकानदाराकडे वाटीभर पाणी माग, खळ पूर्ण धुऊन काढ, ब्रश भिजव आणि मनगटाने एक झटका दे. केस आपोआप एका टोकाला आले तर घे, फाकले तर ठेव. पाणी द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे घेऊच नकोस. केस धरलेली धातूची नळी दांड्यावर हलत नाही ना, तेही बघ. दुकानात काही जण टोक बघायला ब्रश सरळ जिभेला लावतात. तो ब्रश आधी कोणाकोणाच्या तोंडातून गेला असेल याचा विचार कर.

सगळ्यात महाग दाखवतील तो कोलिन्स्की सेबल. सायबेरियन वीझल नावाच्या लहान प्राण्याच्या शेपटीचे केस असतात ते. पोटात भरपूर पाणी धरतो, टोक सोडत नाही, दाबला की पुन्हा उभा राहतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने 1866 मध्ये विन्सर अँड न्यूटन या रंग-ब्रशच्या कंपनीकडून असे ब्रश करून घेतले. तिचा आवडता नंबर 7, म्हणून ती मालिका अजून सिरीज 7 नावानेच विकली जाते. तो ब्रश एकदा तुझ्या हातात असावा असं मला फार वाटतं. पण पहिल्या वर्षी नको. आता सिंथेटिक चांगले निघालेत. पाणी थोडं कमी धरतात, पण अ‍ॅक्रिलिकला तेच बरे. अ‍ॅक्रिलिकमध्ये सेबल घालणं म्हणजे पैसे पाण्यात. तैलरंगाला डुकराच्या केसांचा राठ ब्रश घे. त्या केसांची टोकं मुळातच फाटलेली असतात आणि त्यामुळे जाड रंग नीट धरला जातो. ती कातरून सारखी केली असतील तर तो माल हलका. कॅमल हेअर लिहिलेल्यात उंटाचा केस नसतो. खार, तट्टू, बकरी, जे मिळेल ते.

मुंगसाच्या केसांचा मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नकोस. एकाच केसावर फिकट-गडद पट्टे दिसले की ओळखायचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली हा व्यापार गुन्हा आहे, तरी चोरून चालतो. 2019 मध्ये उत्तर प्रदेशात शेरकोटला, जिथे घरोघरी ब्रश बांधतात, तिथे याच केसांसाठी छापे पडले होते. मूठभर केस मिळावेत म्हणून मुंगूस मारतात. आजींना सकाळी परसात मुंगूस दिसलं की त्यांचा दिवस चांगला जायचा, हे तुला आठवत असेल.

तू सहावीत होतास तेव्हा आजोबांनी तुला उंदराचे डोळे आखायला बसवलं होतं. आपल्याकडे सगळे उंदरापासूनच शिकले, मीसुद्धा. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला ब्रश धरता येत नव्हता. आजोबांनी मला दाखवलं तेच तुला दाखवलं: बारीक रेघेला सगळ्यात बारीक ब्रश लागत नाही. तीन शून्याच्या ब्रशात रंगच मावत नाही, भुवई अर्ध्यावर आली की तो कोरडा पडतो. पोट भरलेला आणि टोक शाबूत असलेला 1 किंवा 2 नंबर घ्यायचा, करंगळी मूर्तीच्या गालाजवळ टेकवायची, श्वास धरायचा आणि रेघ एका दमात ओढायची. मधे थांबलात की देवाची नजर तुटते असं ते म्हणायचे. तू तिसऱ्याच उंदराला थांबला नाहीस. आजोबा तेव्हा काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना मला म्हणाले, याचा हात बसलाय. बाबा तर तुझं जे.जे. कला महाविद्यालयाचं प्रवेशपत्र अजून खिशात घेऊन फिरतात. गणपती बुक करायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात, आणि तुझ्याशी फोनवर फक्त पावसाचं बोलतात.

आजोबा टोक कसं काढायचे ते आठव. डाव्या हाताच्या मुठीत ओलं सुती फडकं. ब्रश त्याच्यावर आडवा टेकवायचा आणि बोटांत गोल फिरवत आपल्याकडे ओढायचा. दोन वेढ्यांत टोक येतं, जास्तीचा रंगही निघून जातो. ओठांनी टोक येतं, पण रंग तोंडात जातो. आणि बापूकाका आयुष्यभर बोर्ड रंगवताना ओठांनीच टोक काढत आले. डॉक्टर म्हणतात शिसं नक्की कुठून गेलं ते सांगता येणार नाही, जुना रंग खरवडतानाची धूळही असेल. असेल. पण मी त्यांच्या ओठांवर पिवळा रंग पाहिलाय. तो पिवळा क्रोम यलो असायचा, म्हणजे शिसंच. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको हा नियम लागू झाला 2017 च्या नोव्हेंबरात. काकांचे बहुतेक बोर्ड त्याच्या आधीचे.

रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत बसले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात 1917 पासून पोरी घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायच्या. रंगात रेडियम. ब्रशला टोक ओठांनी काढा, असं त्यांना कारखान्यातच शिकवलं होतं, काही होत नाही म्हणून सांगितलं होतं. दात गळाले, जबड्याची हाडं झिजली. त्यांच्यातल्या पाच जणींनी 1927 मध्ये कंपनीवर दावा लावला, तेव्हा काहींना धड चालताही येत नव्हतं. तुझ्याच वयाच्या होत्या त्या कामाला लागल्या तेव्हा.

तुझ्या पेटीत रेडियम नाही हे मला कळतं. विद्यार्थ्यांचे रंग बरेचसे निर्धोक असतात हेही कळतं. पण पुढे तू कॅडमियमचे लाल-पिवळे घेशील, कोबाल्ट घेशील, फ्लेक व्हाइट हा पांढरा घेतलास तर ते शिसंच. हिंगूळ म्हणजे पारा, हरताळ म्हणजे सोमल, हे तर जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. सवय लागली की ती ट्यूबवरचं नाव वाचत नाही.

पुन्हा तेच लिहिलं. रागावू नकोस. तू काही लहान नाहीस आणि तुझे सर मला शिकवायला आलेले नाहीत, मीही त्यांच्यात पडू नये. सोडते.

ब्रश कसे सांभाळायचे ते लिहिते आणि पुरे करते. पाण्याच्या भांड्यात ब्रश उभा ठेवून चहाला जाऊ नकोस. टोक वाकतं, आणि पाणी नळीत चढून लाकूड फुगतं, मग दांड्याचा रंग तडकतो आणि नळी खुळखुळायला लागते. अ‍ॅक्रिलिक तर लगेच धू, वाळलं की प्लॅस्टिक होतं. गरम पाणी नको, आतला गोंद सुटतो. तैलरंग आधी फडक्याने पूस, मग थोड्या टर्पेंटाइनमध्ये खळखळव, मग साध्या अंगाच्या साबणाने तळहातावर गोल फिरव. फेस पांढरा येईपर्यंत. रंग अडकतो तो केसांच्या मुळाशी, नळीजवळ. तिथे बोटाने हलकेच दाबून काढ. मग बोटांनी टोक जुळव, बोटांनीच, आणि आडवा वाळव. ओला ब्रश डब्यात बंद केलास तर मुंबईच्या पावसात चार दिवसांत बुरशी. सेबलला कसर लागते, डब्यात वाळलेला कडुनिंब टाक.

आणि जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून खोलीत ठेवू नकोस. ते आतल्या आत तापत जाऊन आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून बाहेर वाळत घाल. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेव, पाऊस आत आला तरी चालेल. हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नकोस. चहाचा कप आणि रंगाचं पाणी एका टेबलावर नको.

किती सूचना लिहिल्या ते बघून मलाच लाज वाटते आहे, पण खोडत नाही. भोगावतीच्या काठाचं तुझं चित्र मी आखणीच्या पाटासमोर लावलंय. पलीकडच्या काठावरच्या झाडांना तू एकेक फटकारा मारून सोडून दिलंयस, तेच मला सगळ्यात आवडतं. तो हात तुझ्याजवळ म्हातारपणापर्यंत राहू दे. मला बाकी काही नको.

शनिवारी बाबा एसटीने येताहेत. त्यांच्याबरोबर सुती फडकी देते, जुन्या धोतराची, स्वच्छ धुतलेली.

तुझी,
आई

ता. क. बापूकाकांना फोन कर. औषध सुरू झालंय, हात सुधारेल म्हणतात, कितपत ते आता सांगता येत नाही. ते डाव्या हाताने फोन उचलतात, वेळ लागतो, लगेच ठेवू नकोस. हे सगळं त्यांना विचारू नकोस, तुझ्या चित्राचं बोल.