हीटरची गळती दडपू नये

संपादक महोदय,

जुन्या मोटारीत पुढच्या सीटसमोरचे कार्पेट ओले लागले की ते एसीचे पाणी समजून पुसून टाकले जाते. मीही दोन महिने तेच केले. परंतु एसीचे पाणी बिनवासाचे असते. माझ्या बोटांना लागलेला द्रव चिकट होता, त्याला गोडसर वास होता आणि हीटर लावताच समोरच्या काचेवर आतून तेलकट थर धरत होता. इंजिनातले गरम कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ज्यातून फिरते तो डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, म्हणजे हीटर कोअर, गळत होता.

गॅरेजमध्ये कूलंटमध्ये गळती बुजवणारे रसायन ओतून मला परत पाठवण्यात आले. काही आठवड्यांनी गळती पुन्हा सुरू झाली आणि हीटरही पुरेसा तापेना, कारण असे रसायन छिद्राबरोबर कोअरच्या बारीक नळ्यांतही साचू शकते. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते, त्यामुळे लहान मुले आणि पाळीव जनावरे असलेल्या घरात तरी ही गळती अंगावर काढू नये.

तांब्या-पितळेचा जुना कोअर बाहेर काढून झाळता येतो. प्लास्टिकच्या टाक्या असलेला ॲल्युमिनियमचा कोअर मात्र बदललेलाच बरा. इंजिनाच्या बाजूने कोअरकडे जाणारे दोन्ही होज (रबरी नळ्या) एकमेकांना जोडून कोअर वगळता येतो, पण मग काचेवरचे धुके घालवणारी गरम हवा मिळत नाही, म्हणून तो उपाय तात्पुरताच मानावा.

या कामात खरी मेहनत डॅशबोर्ड उतरवण्याची असते आणि बऱ्याच गाड्यांत त्यात कित्येक तास जातात. म्हणूनच एकदा तो उतरवला की जुने होज, क्लिपा आणि रबरी रिंगा त्याच वेळी बदलाव्यात, जुने कूलंट काढून सगळी यंत्रणा धुऊन घ्यावी आणि इंजिनाचे अर्थिंग तपासावे, कारण गंजरोधक गुण संपलेले कूलंट आणि त्यातून वाहणारा भटका विद्युतप्रवाह नव्या कोअरलाही पोखरतात. गॅरेजचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की, डॅशबोर्ड परत बसवण्याआधी यंत्रणेत दाब भरून ग्राहकासमोर तपासणी करावी. माझ्या गाडीत दुसऱ्या गॅरेजने ती केली तेव्हा नव्या कोअरच्या एका क्लिपपाशी थेंब दिसला आणि ती तिथल्या तिथे आवळता आली.

– एक वाचक