कंडक्टरच्या लेखी जिवंत, कार्यालयाच्या लेखी मयत

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र तुमच्या टेबलावर येईपर्यंत ते खातं तुमच्याकडेच असेल याची मला खात्री नाही, आणि बहुधा तुम्हालाही नसावी.

मागच्या मंगळवारी माझ्या वडिलांना एका नगरपरिषदेच्या कार्यालयात सांगण्यात आलं की ते वारले आहेत. सांगणारा पोरगा वाईट नव्हता. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली. नावापुढे ‘मयत’. बाबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘कधी बाप्पा?’ तारीख लिहिलेली नव्हती. पोरगा म्हणाला, ‘काका, मला पण कळत नाहीये.’ मग चौकशी करून आला आणि म्हणाला की नोंद दुरुस्त करायची तर मयत कशावरून लावलं ते आधी बघावं लागेल, तुमच्याकडे मृत्यूचा दाखला असेल तर झेरॉक्स द्या.

त्या गावाचं नावही लिहीत नाही. नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून बसने सव्वा तास. तिथे आमची ११ महिन्यांची पेन्शन अडकलेली आहे, नाव छापलं तर उरलेली फाइलही अडकायची.

तुम्हाला आठवत नसेल म्हणून सांगतो, आपली भेट झालेली आहे. मागच्या हिवाळी अधिवेशनात सेवानिवृत्तांचा मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघाला होता. पोलिसांनी अडवल्यावर पाच जणांचं शिष्टमंडळ आत सोडलं, त्यात बाबांना धरून मी होतो. तुम्ही उठून उभे राहिलात, ‘आजोबा, बसा’ म्हणालात, निवेदन घेतलंत, फोटो निघाला. ‘एका महिन्यात सगळ्यांचं मार्गी लावतो, हा शब्द आहे.’ फोटो तुमच्या लोकांनी त्याच संध्याकाळी फिरवला. बाबांनी तो माझ्या मोबाइलवर दहादा तरी पाहिला असेल. महिन्याचे अकरा झाले. पुन्हा अधिवेशन तोंडावर आलं. शब्द कुठे आहे?

माझे वडील काय करायचे ते आता ऐका. १९६१ ते १९९६, ३५ वर्षं, त्यांनी त्या गावाला पाणी सोडलं. कागदावर त्यांचं पद व्हॉल्वमन, गाव त्यांना पाणीवाले भाऊ म्हणायचं आणि आता पाणीवाले बाबा म्हणतं. पहाटे चारला सायकल काढायची, दांडीला ती हातभर लांब लोखंडी चावी बांधलेली, हँडलला बादली, बादलीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. कुणाकडे लग्न असलं की त्या ओळीला दहा मिनिटं जास्त, कुणाकडे मयत झाली तर अवेळीसुद्धा पाणी. एका नगरसेवकाने बंगल्याला वेगळी लाइन मागितली, बाबांनी दिली नाही. दोन वर्षं जकात नाक्यावर रात्रपाळी केली त्यापायी. आई तेव्हा खूप रडली होती. बाबा म्हणाले, ‘पाणी का त्याच्या बापाचं हाय?’

एकदा आमच्या मोहल्ल्यात कावीळ आली. वरचे लोक विहिरीत औषध टाका म्हणून सांगून गेले. बाबा तीन रात्री रस्त्यावर होते. गाव निजलं की लोखंडी सळई पाइपवर टेकवायची आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. गळती असली की आत सूं-सूं वाजतं. मला शेजारी बसवून ऐकवलं होतं त्यांनी, मी नऊ-दहा वर्षांचा. तिसऱ्या रात्री सापडलं: नालीच्या खालून गेलेला पाइप सडलेला, नळ बंद झाला की नालीचं पाणी आत ओढायचा. त्यांनी ते कुदळीने उकरून सकाळी साहेबांना बोलावून दाखवलं. अहवालावर सही साहेबांची.

३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड बुडवलं, दोनशेच्या वर माणसं गेली. बाबा तेव्हा ५३ चे. टीसीएलची पोती घेऊन गेले आणि बरेच दिवस परतले नाहीत. आल्यावर तिथलं काही बोलले नाहीत. फक्त त्यानंतर घरातल्या माठातल्या पाण्यातही ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, दोन थेंब टाकून रंग बघायला लागले. पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. आजही बघतात. माझी सून नवी असताना घाबरली होती.

रिटायर झाले तरी गावाने त्यांना सोडलं नाही, म्हणजे त्यांनीच गावाला सोडलं नाही. कुठली लाइन कुठून गेली याचा नकाशा कार्यालयात नव्हता, तो त्यांच्या डोक्यात होता. फुटलं की नवीन पोट्टे सायंकाळी घरी यायचे. शेवटी ७४ व्या वर्षी त्यांनी शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना पकडलं, चार ड्रॉइंग शीट जोडले आणि अख्खं गाव काढून दिलं. एक पैसा घेतला नाही, मागितलाही नाही. तो नकाशा लॅमिनेट करून त्या कार्यालयात भिंतीवर लावलाय. मंगळवारी ज्या खुर्चीत बसून पोरगा ‘मयत’ वाचत होता, नेमका त्याच्या डोक्यामागे. कोपऱ्यात बाबांची सही. मी त्याला दाखवली. तो म्हणाला, ‘अरे वा, हे तुम्ही काढलंय? रोज लागतो आम्हाला.’

आता हे मयत प्रकरण झालं कसं, तर अंगठ्यावरून. हयातीचा दाखला २०१४ पासून डिजिटल झाला, चांगलं झालं, आम्ही पण टाळ्या वाजवल्या. मागच्या नोव्हेंबरात मशीनवर बाबांनी अंगठा ठेवला. उमटेना. दुसरा ठेवला. मग दहाही बोटं. पस्तीस वर्षं उघड्या हाताने टीसीएल कालवल्यावर बोटावर रेषा राहतात का हो? हातमोजे कागदावर दर वर्षी मिळायचे. मग चेहऱ्याचं ॲप. ‘डोळे मिचकावा’ म्हणे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला ८७ वर्षांचा माणूस, मान हलते, तो बिचारा मिचकावतोय आणि ॲप म्हणतंय पुन्हा प्रयत्न करा. शेवटी कागदी दाखला दिला, शिक्का मारून पोच घेतली. पोच माझ्याकडे आहे. पेन्शन डिसेंबरपासून बंद.

१७,४०० रुपये महिना. डिसेंबर ते ऑक्टोबर अकरा महिने, १,९१,४००. महागाई भत्त्यातली वाढ धरली तर दोन लाखांच्या वर जाईल, तो हिशोब तुमच्या लोकांनी करावा. माझ्या चकरा चौदा की पंधरा, दोन वेळा बाबांसकट. माझं बीपी, बायपासनंतरच्या गोळ्या, पोराने घेतलेल्या सुट्ट्या, त्या दिवशी उन्हात पेट्रोल संपलं ते, हे सगळं मी निवेदनात लिहिलं नव्हतं, कारण निवेदन एका पानाचं ठेवा असं सांगितलं होतं.

आणि गंमत बघा. तुमच्याच सरकारची एसटी ७५ वर्षांवरच्यांना फुकट नेते. कंडक्टर आधार कार्ड बघतो, हात देतो, जागा करून देतो. त्याच्या लेखी बाबा जिवंत. २०२४ ला ८५ च्या वरच्यांचं मत घ्यायला सरकारी माणसं पेटी घेऊन घरी आली, सोबत पोलीस, व्हिडिओ काढणारा. चहा पण घेतला नाही, नियम आहे म्हणाले. म्हणजे मत द्यायचं तेव्हा सरकार जिना चढून येतं. पेन्शनीच्या वेळी माणूस मेलेला असतो.

यात त्या पोराची चूक नाही, तो कंत्राटी आहे, त्याला स्वतःलाच वेळेवर पगार नाही. मूळ दुखणं वेगळं आहे. १९९९ ला नगरपालिकांची जकात गेली. नाक्यावर छळ व्हायचा हे मान्य, माझे सासरे किराणावाले होते, शिव्याच द्यायचे. पण गावाचा पैसा गावात असायचा. आता झाडूवाल्याच्या पगारापासून बाबांच्या पेन्शनीपर्यंत मुंबईच्या अनुदानाकडे बघत बसायचं. ठरल्या मुदतीत काम करून द्यायचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, फलक प्रत्येक कार्यालयात आहे, त्या फलकाखालीच रांग आहे. तक्रार करायची कुणाकडे? नागपूरसारख्या शहरात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक बसला, पुढची कितीतरी वर्षं वॉर्डात दार ठोठवायला माणूस नव्हता. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना तर जुनी पेन्शनच नाही. कधीकधी वाटतं, तेच सुखी, त्यांना जिवंत असल्याचं सिद्ध करत बसायची गरज नाही.

१९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून तुम्ही दरवर्षी इथे येता. राजधानी गेली, बदल्यात अधिवेशन मिळालं. तुम्हाला तर्री पोहे मिळतात, हुरडा मिळतो, आम्हाला बॅरिकेड. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचे ११४ जण या शहरात चेंगरून मेले, मागणं घेऊनच आले होते. उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, तुमच्या गाड्या त्यावरूनच जातात.

भरकटलो. बाबा वाचतील तर रागावतील, ते तुम्हाला अजून भला माणूस समजतात.

मागणं एवढंच: ‘मयत’ शब्द काढा, थकबाकी द्या, आणि ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांच्या घरी वर्षातून एकदा माणूस पाठवा, पेटी घेऊन पाठवता तसा.

तोपर्यंत अधिवेशनाच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला मी बाबांना रविभवनाच्या गेटवर घेऊन येतो. व्हीलचेअर आमची आम्ही आणू. त्यांच्या खिशात काचेची एक छोटी बाटली असेल, ती सुरक्षावाल्यांनी काढून घेऊ नये. ओटी आहे. एवढे मंत्री उतरणार, पाणी तपासायला नको का, असं ते म्हणाले.

आपला,
पाणीवाल्या बाबांचा मुलगा
मानेवाडा, नागपूर