आपल्या माणसाला काम सांगा, पण नीट सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी समुद्रपूर तालुक्यातली, घरच्या हळदीची पूड करून विकते. आमच्या इकडं बायकांचं गाडं कुठं अडते ते रोज बघते म्हणून हे पत्र. माल चांगला असते, अडते ते सांगण्यापाशी. कोणी जवसाची चटणी करते, कोणी सरगुंडे, कुरडया, कोणी भिवापूरकडची मिरची कांडून देते, पॅकिंगचं ट्रेनिंग होते, लेबल छापून येतात, आणि मंग खोके घरातच पडून राहतात, काहून की ओळखीच्या माणसाला घे म्हणायची लाज वाटते. लोकं म्हणतील आता ही नातेवाईकांच्या मागं लागली.

मला हे अजिबात पटत नाही. पोरीचं लग्न जमवायचं असलं की आपण बायोडाटा मामाला देतो, मामा साडूला देते, साडू त्याच्या ऑफिसात विचारते, कोणालाच लाज वाटत नाही. आणि तिथं आपण नीट सांगतो, शिक्षण किती, नोकरी कशी पाहिजे, कुठलं गाव चालेल. धंद्याचंही तसंच सांगावं लागते.

पण होते काय, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, खाली सपोर्ट करा लिहिलं, की झालं काम. वर गुड मॉर्निंग, खाली कोणाच्या तेरवीचा मेसेज, मधात आपली हळद. पुष्कळ जणं अंगठा देतात आणि ऑर्डर एकही येत नाही, कारण सगळ्यांना एकदम सांगितलं की प्रत्येकाला वाटते दुसरा कोणी घेईल. स्टेटस तर २४ तासात गायब. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणं बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला त्यालाच मेसेज पोचते हे कितीतरी जणींना माहीतच नाही, त्या बिचाऱ्या पाठवत राहतात. म्हणून भेटलं की आधी त्याच्या फोनात आपला नंबर सेव्ह करून घ्यायचा, समोरासमोर.

आणि मंग एकेकाला वेगळं लिहायचं, त्याला जमेल एवढंच. मी असं लिहिते: "वहिनी, यंदाची हळद दळून झाली. पाव किलोचं पाकीट ८० रुपये. एक वापरून पहा, आवडली तर तुमच्या भिशीतल्या दोघीतिघींना दाखवा. काही कमी वाटलं तर मला सांगा. नाही जमलं तरी राग नाही." बस. यात किंमत आहे, काय करायचं ते आहे, आणि नाही म्हणायला जागा आहे. नाही म्हणायला जागा ठेवली नाही तर माणूस फोन उचलणं सोडते, आणि मंग नातंही जाते.

बायकांपाशी तर दोन गावं असतात, सासर आणि माहेर, वरून बहिणींचे सासर वेगळे. एवढं गणगोत असून आपण आठवडी बाजारात व्यापाऱ्याला पडत्या भावात माल देऊन येतो. गावातून पुण्याला गेलेल्या पोरांना विचारा, वाकड हिंजवडीत राहतात, त्यांना घरची चव पाहिजेच असते. नागपूरहून ट्रॅव्हल्सनं पार्सल जाते, एका पोरानं दहा घरची ऑर्डर गोळा केली तर भाडंही परवडते.

एक गोष्ट मात्र कडक ठेवावी. घरचं माणूस प्रेमापोटी काहीही लिहून पुढं पाठवते. माझ्याच हळदीचा फोटो एका नात्यातल्यानं शुगर आणि कॅन्सर बरा होते असं लिहून फिरवला होता, मी लगेच फोन करून काढायला लावला. खायच्या वस्तूनं रोग बरा होते असा दावा करता येत नाही. तसंच वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळाला म्हणून वर्धा जिल्ह्यातली कोणतीही हळद वायगावची म्हणून खपवायची नाही, ते नाव तिथल्या शेतकऱ्यांच्या मेहनतीचं आहे. आणि धंदा घरगुती असला तरी एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी करा, तो १४ आकडी नंबर पाकिटावर टाका. जो माणूस आपल्यासाठी दुसऱ्यापाशी शब्द टाकते त्याची पत पणाला लागते, याची जाण पाहिजे. कोणी गिऱ्हाईक पाठवलं ते वहीत लिहून ठेवा आणि त्याला कळवा की तुमच्या ओळखीनं माल गेला. हे कोणी करत नाही, आणि मंग पुढच्या वेळी तो माणूस कशाला सांगणार.

आता ज्यांच्याकडं आम्ही मागतो त्यांनाही सांगायचं आहे. घरचंच तर आहे म्हणून फुकट पाकीट नेऊ नका, उधारी ठेवू नका. एका पाकिटामागं ओल्या हळदीचा केवढा ढीग असते, पाच किलो ओली उकडून वाळवली तर किलोभर हाती येते कशीबशी. घ्यायचं नसेल तर घेऊ नका, पण एका माणसाला आमचं नाव सांगा, तेही लय आहे. पाकीट फुटलं, रंग फिका वाटला, तर ते आम्हाला सांगा, भिशीत नका सांगू.

बचत गटाच्या ट्रेनिंगमध्ये हिशोब शिकवतात, लेबल शिकवतात, पण ओळखीच्या माणसाशी कसं बोलावं यावर एक तासही ठेवत नाहीत. उमेद, म्हणजे बचत गटांचं सरकारी अभियान, त्याच्या अधिकाऱ्यांनी तो ठेवावा, बायकांना एकमेकींसमोर बोलून दाखवायला लावावं, लाज तिथंच मोडते.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडंही एक मागणं आहे. पोळा, महालक्ष्म्या आणि दिवाळी, या तीन सणांच्या आधीच्या आठवड्यात तालुक्याच्या पानावर थोडीशी जागा द्या, फक्त नाव, गाव, वस्तू आणि फोन नंबर. फोटो नको, बातमी नको. नावं गोळा करून पाठवायचं काम आमच्या गटाच्या बाया करतील.

आपली,
एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा